काटकोनातली बाई

खुबा बदलून आलेल्या बाईला धरणगावात लोक गुडघ्याबद्दलच विचारतात. त्यांचाही दोष नाही. गुडघा हा मानाचा सांधा आहे. पंतप्रधान वाजपेयींनी 2000 साली तो मुंबईत डॉ. रानावतांकडून बदलून घेतला, तेव्हा सगळा देश गुडघ्याविषयी बोलत होता. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत ठरवून दिली. खुब्याला त्या आदेशात जागा नव्हती. शिवाय गुडघा चारचौघांत दाखवता येतो. खुबा नेमका कुठे असतो ते दाखवायची वेळ आली की मी, भूमिती शिकवण्यात जन्म घालवलेली बाई, हात कमरेपाशी नेते, तिथून थोडा खाली आणते आणि विषय बदलते. त्यामुळे निम्म्या गावाच्या हिशेबी माझी कंबर बदललेली आहे.

त्याआधीची काही वर्षं मी लंगडत नव्हते. लोकांना तसं दिसायचं, ही गोष्ट वेगळी. कधी चप्पल चावत असे, कधी नगरपालिकेने रस्ता खणलेला असे, कधी साडीचा फॉल पायात येत असे. मला माझ्या चालीचा फार अभिमान. व्हरांड्यात माझी पावलं वाजली की नववीचा वर्ग गप्प होतो, या आठवणीवर मी निवृत्तीनंतरही जगत होते. मग माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात एकीने माझी नक्कल केली. चष्मा हुबेहूब होता, खडू धरणं हुबेहूब होतं, ‘अगं, सिद्ध कर, सांगू नकोस’ हे वाक्यही माझंच. ते लंगडणं मात्र तिने कुठून आणलं, मला कळेना. सगळ्या पोटभर हसल्या. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी जळगावची गाडी धरली.

जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा झिजून चपटा झालेला. वर्तुळाची त्रिज्या सगळीकडे सारखी उरली नव्हती. मला तरी समजावून सांगायची गरज नव्हती. “बदलावा लागेल,” ते म्हणाले. मी विचारलं, “कधी?” ते म्हणाले, “तुम्ही म्हणाल तेव्हा.” त्या माणसाला आमचं घर माहीत नव्हतं.

मार्चमध्ये म्हणावं, तर बिबडे, कुरडया, पापड. त्यानंतर आखाजी, लेकीबाळी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, आणि घरची बाई खाटेवर? मग लग्नं. मग पेरणी. श्रावणात कानबाई बसते, रोट कोण करणार? पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि दिवाळी सरते न सरते तोच शेतात कापूस वेचायला माणसं. घरातला प्रत्येक जण माझ्या काळजीपोटीच बोलत होता आणि प्रत्येकाच्या काळजीचा शेवट ‘एवढं उरकू दे’ असा होत होता. याच वर्षात घरातल्या एका पुरुषाचा मोतीबिंदू ऐन गौरी-गणपतीत निघाला. तेव्हा कुणी पंचांग उघडलं नाही. बायकांचं दुखणं सवडीचं, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही. नुसतं कॅलेंडर बघतात. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या बुडाशी थोडं सुखही असायचं. तारीख पुढे गेली की माझ्यावाचून घर चालत नाही हे आणखी एकदा सिद्ध व्हायचं. शेवटी मार्गशीर्षातला एक मंगळवार डॉक्टरांनीच ठोकून दिला.

तयारी सुरू झाली ती दातांपासून. तोंडात कुठे पू असेल तर त्यातला जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसतो, म्हणून आधी दाताचा डॉक्टर, मग लघवीची तपासणी, मग हृदयाचा आलेख. तिकडे ह्यांनी घर चढवायला घेतलं. दिवाणाच्या चारी पायांखाली विटा गेल्या. संडासात उंच बैठक आली. ती बघायला गल्लीतल्या बायका आल्या आणि हळद-कुंकू घेऊन गेल्या. घर चढवायचं कारण, नव्या खुब्याचा पहिला कायदा असा, की धड आणि मांडी यांच्यामधला कोन नव्वद अंशांपेक्षा लहान होता कामा नये. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी. मोडलं तर गोळा वाटीतून निसटतो. नातवाने हे ऐकून कंपासपेटी आणली. पुढचे काही आठवडे मी खुर्चीत बसले की तो कमरेशी कोनमापक लावायचा आणि ओरडायचा, “आजी, अठ्ठ्याऐंशी!”

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पाठीत सुई देऊन कमरेखालचं शरीर झोपवतात, कान मात्र जागे राहतात. पडद्यापलीकडे करवत आणि हातोडी चालू होती. आमच्या दाराची चौकट बसवताना सुताराने केला होता तस्साच आवाज. मी झोपेच्या गुंगीत “काटकोनात बसवा हो” असं म्हणाले, असं नर्सने नंतर सांगितलं. मला आठवत नाही, पण वाक्य माझंच वाटतं.

आता थोडं विषयांतर, आणि ते मी करणारच. ऑपरेशन ठरल्यापासून मी जॉन चार्नली या इंग्रज सर्जनच्या प्रेमात आहे. ह्यांना ठाऊक आहे आणि त्यांची हरकत नाही; चार्नली 1982 साली वारले. त्यांच्याआधीही खुबे बदलण्याचे उद्योग झाले होते. ज्या 1890 साली आमच्या धरणगावात बालकवी जन्मले, त्याच साली बर्लिनमध्ये थेमिस्टोकल्स ग्लुक नावाचा सर्जन हस्तिदंताचे सांधे बसवत होता. मंडाले म्हटलं की आपल्याला फक्त टिळक आठवतात, पण 1960 साली तिथे डॉ. सान बॉ यांनी एका म्हाताऱ्या बौद्ध भिक्षुणीला हस्तिदंताचा खुबा बसवला आणि पुढे तशी शेकडो माणसं चालती केली. हे ऐकून ह्यांनी विचारलं, “तुला कसला बसवलाय?”

“गोळा धातूचा, वाटी पॉलिथिलीनची.”

“पिशवीवालं?”

“त्याच घराण्यातलं.”

तर चार्नली. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी 1946 मध्ये अ‍ॅक्रिलिकचा गोळा काढला होता. तसा गोळा घातलेला एक गृहस्थ चार्नलींकडे आला. तो जरा पुढे वाकला की सांधा करकरायचा, इतका की त्याच्या बायकोला त्याच्याजवळ बसवेना. दुसऱ्या कुणी बायकोची समजूत घातली असती. चार्नलींनी घर्षणाचा अभ्यास सुरू केला. आधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी केली, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं ते टेफ्लॉन. पेशंट आनंदाने चालू लागले, आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, आत गाठी झाल्या. सुमारे तीनशे माणसं. चार्नलींनी ती ऑपरेशनं स्वतः पुन्हा करायला घेतली, आणि टेफ्लॉन शरीरात नेमकं काय करतं ते कळावं म्हणून त्याचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले. आमच्याकडे गणिताच्या पुस्तकात उत्तर चुकलं तर शुद्धिपत्रकसुद्धा निघत नाही.

मग 1962 च्या मे महिन्यात एक विक्रेता प्लास्टिकची दातेरी चाकं घेऊन त्यांच्या दवाखान्यात आला. लँकेशायरच्या यंत्रमागांसाठी होती ती. चार्नलींनी त्या प्लास्टिकमध्ये अंगठ्याचं नख रोवून पाहिलं आणि वेळ घालवू नका म्हणून सांगितलं. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने साहेब परगावी जाताच तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. साहेब परत आले तेव्हा यंत्र चालूच होतं आणि तुकडा जेमतेम झिजला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या प्लास्टिकची वाटी पहिल्या पेशंटला बसली. आज माझ्या खुब्यात आहे ती त्याच वंशातली, आणि तिला हाडात धरून ठेवणारं सिमेंट आहे दाताच्या कवळीच्या जातीचं.

मला यातला माग फार आवडतो. सतराव्या शतकात इंग्रजांनी कापडासाठी आमच्या धरणगावात वखार घातली होती. पुढे 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा लँकेशायरच्या मागांना खानदेशचा कापूस गेला. आमचा कापूस मागावर गेला आणि मागाच्या चाकाचं प्लास्टिक माझ्या खुब्यात आलं. हिशेब मिटला असं मी म्हणत नाही, पण व्याजापैकी काहीतरी वसूल झालं. चार्नलींच्या पेशंटांनी तर मेल्यावर आपला खुबा झीज तपासायला परत देण्याचं कबूल केलं होतं. मी तसंच करावं म्हणते, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी चहा अर्धा टाकला.

ह्यांचं हे असंच आहे. दवाखान्यातून येताना मला गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले होते, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. ते चढवायला वाकावं लागतं आणि मला वाकायची बंदी. पहिल्या सकाळी ह्यांनी मोजा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, खाली बसले आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. सप्तपदीत भटजींनी सांगितलं म्हणून अंगठा धरला होता; त्यानंतर थेट आता. समोरच्या म्हाताऱ्या आजींनी दारातून पाहिलं आणि गालावर बोट ठेवलं. “बाई, धन्यान्या हातून पाय धरस? पाप लागस!” ह्यांनी मान वर न करता सांगितलं, “डॉक्टरांनी लिहून दिलंय.” सुरुवातीला मोज्यांच्या वेळी ते दार लोटून घ्यायचे. काही दिवसांनी लोटेनासे झाले. त्या आजी मग ओट्यावर बसून सल्लाही देऊ लागल्या, “टाच नीट बठाडा, टाच!”

माझी आई याच दुखण्याने गेली. दुखण्याने म्हणजे, या दुखण्याला नावच नव्हतं म्हणून. तिने कंबर धरली, एवढंच घरात म्हणत. तेल चोळलं, विटेने शेकलं, हाड बसवणाऱ्याकडे बैलगाडीतून नेलं, त्याने हिसका दिला आणि पैसे घेतले. नंतर ती भिंतीला हात लावून चालायची. स्वयंपाकघर ते मागचं दार, भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीवर तेलकट पट्टा उमटला होता. दर दिवाळीला आम्ही त्यावर चुना फिरवायचो आणि संक्रांतीपर्यंत तो परत यायचा. चार्नलींची वाटी तोवर जगात वीस वर्षांची झाली होती. मुंबईपर्यंत पोचलीही होती. आमच्या भिंतीपर्यंत पोचली नाही, आणि कुणी ती मागवलीही नाही.

असो. पोळ्यांचं सांगायचं राहिलं. संक्रांतीला मी वॉकरवर होते, आणि घर माझ्यावाचून बंद पडेल या खात्रीने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. सुनेने गुळाच्या पोळ्या केल्या. हे लिहिताना हात जड होतो, पण त्या माझ्यापेक्षा पातळ झाल्या आणि एकही फुटली नाही. मी म्हटलं, “छान झाल्यात, पण जरा तीळ कमी पडला.” तीळ अगदी बरोबर पडला होता.

वॉकर जाऊन हातात काठी आली तेव्हा भरिताचे दिवस चालू होते. पुतण्याच्या शेतात पार्टी ठरली. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, मिरच्या, कळण्याची भाकरी. पंगत अर्थातच जमिनीवर, ताडपत्री टाकून. माझ्यासाठी मात्र हात असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि त्यापुढे दुसरी खुर्ची, ताट ठेवायला. नातवाने कोन तपासला: शंभर. शंभर-सव्वाशे माणसं खाली आणि मी एकटी वर. मला ते आवडलं, का नाही म्हणू? निरीक्षणाला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्याला वाटत असेल तसंच मला वाटत होतं. मी पदर सारखा केला आणि प्रसन्न चेहरा करून बसले.

वाढपी आले. वाढपी नेहमी वाकून चालतो. त्याची नजर जमिनीवरच्या ताटांवर असते. भरिताची बादली माझ्या गुडघ्यापर्यंत आली, शेजारच्या ताटात पडली आणि पुढे गेली. भाकऱ्यांची टोपली आली, गेली. ठेचा गेला. दुसरी फेरी झाली. माझ्या ताटात मीठ होतं. हे पंगतीच्या दुसऱ्या टोकाला भावकीत रंगले होते. शेवटी मी व्हरांड्याचा जुना आवाज लावला, “ए, कोण आहे रे तो बादलीवाला? वर बघ!”

पंगत गप्प झाली. नववीच्या वर्गाइतकीच झाली, हे मी आवर्जून नोंदवते. बादलीवाला वळला. माझाच विद्यार्थी निघाला, आता स्वतः दोन मुलांचा बाप, भूमितीत कायम पस्तीस.

“बाई, तुम्ही? आम्हाला वाटलं तुमचं जेवण आधीच झालं. खुर्चीवर बसलेल्यांचं आधीच होतं ना.”

“भरीत वाढ,” मी म्हटलं. “आणि ताट जरा इकडे सरकव. वाकायला लागतंय.”