उसना पॅटर्न

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत पॅटर्न म्हटलं की तो लाकडाचा. वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, उरलेल्या पोकळीत बीड ओतायचं. माझा पॅटर्न कॉम्प्युटरमधला: रोजच्या रिपोर्टातून हीटचे, म्हणजे भट्टीतल्या एकेका ओतीचे नंबर, एच आणि पुढं तीन आकडे, वेचून काढणारा. तरी फाउंड्रीत पहिल्याच दिवशी मी छाती काढून म्हणालो, "मीपण पॅटर्नच बनवतो." मिस्त्रीमामांनी माझ्या हातांकडं बघितलं आणि पुन्हा रंधा मारायला लागले.

पर्ल या भाषेत माझी स्क्रिप्ट झकास चालायची, पण मालकांचं सॉफ्टवेअर सी भाषेतलं. त्यात काय? पर्लची पॅटर्न लिहायची रीत केंब्रिजच्या फिलिप हेझेलनं 1997 मध्ये एक्झिम या मेलच्या प्रोग्रॅमसाठी सीमध्ये आणलीच होती. त्या लायब्ररीला पीसीआरई म्हणतात. त्यानं लायब्ररी लिहिली, मला नुसतं चिकटवायचं होतं.

डेमोला मालक उभे. खिडकीतून लालभडक भट्टी दिसतेय आणि स्क्रीन सांगतोय: एकूण हीट 0.

झालं होतं असं, की पॅटर्नमधल्या खुणा बॅकस्लॅशनं सुरू होतात, आणि सीमध्ये अवतरणातला बॅकस्लॅश कंपायलरच खातो. लायब्ररीपर्यंत एक पोचवायचा तर दोन द्यावे लागतात. कोल्हापूरनं आंदोलन करून शहरातला टोल घालवला. हा टोल मात्र निमूट भरायचा. आकड्यासाठीच्या बॅकस्लॅश-डीवर कंपायलर ओरडलाही होता, पण इशाऱ्यांना भीक घालायची माझी पद्धत नाही. आता घातली. ओरडला तेवढेच बॅकस्लॅश दुप्पट केले.

पुन्हा 0.

कारण शब्दाची हद्द दाखवणारा बॅकस्लॅश-बी सीमध्ये आधीच कामावर आहे, बॅकस्पेस म्हणून. त्यामुळं कंपायलर गप्प, आणि माझा प्रोग्रॅम दोन्ही बाजूंना बॅकस्पेस असलेली हीट शोधत बसलेला. अशी हीट उभ्या शिरोलीत कुणी ओतली नसेल.

मिस्त्रीमामा चहा घेऊन आले. "कुठल्या धातूचा पॅटर्न हाय?"

"पर्लचा."

"आन् ओतताय कशात?"

"सीमध्ये."

"मग श्रिंकेज धरलं न्हाई व्हय? बिडाला मीटरमागं धा मिलिमीटर, पोलादाला वीसभर. बिडाचा पॅटर्न पोलादाला लावला तर जॉब बारीकच येणार की ओ!"

रात्री सगळे बॅकस्लॅश दुप्पट केले. हीट सापडल्या! त्या आनंदात घरच्या पर्लच्या स्क्रिप्टमध्येही तेच करून टाकलं. सकाळी तिनंही 0 दाखवला.

मामा लांबूनच म्हणाले, "आता बिडालाबी पोलादाचं माप लावलासा?"