उजळ माथ्याने

ऐकलंत का? आता म्हणे लग्नाआधी नवरीला सलाईन लावतात! आजारी नाही हो, पोरगी ठणठणीत आहे. रंग उजळायला! ग्लुटाथिओन नावाचं औषध, यकृताच्या दुखण्यात वापरायचे. त्याने रंगही फिका पडतो अशी आवई उठली आणि झालं! केळवण, मेंदी, संगीत, सलाईन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच असल्या गोरं करणाऱ्या इंजेक्शनांपासून लांब राहा म्हणून बजावलं होतं. पण हॉल बुक झाल्यावर अमेरिकेचं कोण ऐकतंय?

आपण अर्थातच नाक मुरडायचं. आपल्याला रंगाचं काही म्हणजे काही नाही! मुलगी नाकी-डोळी नीटस असली की पुरे. फक्त ज्या बायोडेटात रंगाच्या रकान्यात 'सावळा' लिहिलंय, तो जरा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवू या. पत्रिका जुळत नसेलच. मात्र तीच मुलगी स्टुडिओवाल्याने दोन शेड उजळवून पाठवली, की 'अगं बाई, किती गोड!' नाक तेच, डोळे तेच, गोडवा कुठून पाझरला? मूळ फोटोला आपण 'स्मार्ट आहे हो' एवढ्यावर वाटेला लावलं होतं. आपल्याकडच्या सगळ्या सावळ्या मुली स्मार्टच कशा निघतात, आणि गोऱ्या मुलीचं नाक बसकं आहे हे लग्नानंतर वर्षभराने कसं दिसतं, यावर कुणी पीएचडी करील काय?

बरं, बाळ जन्माला येतं तेव्हाचा सोहळा बघा. लालबुंद, सुरकुतलेला गोळा, अजून डोळे उघडायचेत. आणि एक मावशी दुपट्यातून त्याचा कान बाहेर काढून उजेडात धरते. कानाचा रंग तोच पुढे बाळाचा रंग, असा तिचा निकाल! वजन किती, रडलं का, दूध ओढतंय का, ते डॉक्टर बघतील. नऊ महिने आईला पाजलेलं केशराचं दूध वसूल झालं की नाही, ते आधी कळायला नको?

कंपन्यांना तरी का बोल लावायचा? फेअर अँड लव्हली १९७५ साली आली. पोरं बहिणीच्या ट्यूबवर चोरून डल्ला मारतात हे कळल्यावर २००५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने त्यांच्यासाठी वेगळी काढली, फेअर अँड हँडसम. जाहिरातीला खुद्द शाहरुख! पुढे २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषावर रान उठलं. शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली आणि फेअर अँड लव्हलीची ग्लो अँड लव्हली झाली. चाळणी गेली म्हणून आपलं अडलं का? छे! आपण फोटो मोठा करून बघतो.

पण खरी मेजवानी दिली ती मालिकेने. २०१९ मध्ये 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. सावळ्या दीपाची कहाणी. तिच्या रंगाचा राग राग करणारी सासू, नाव काय, तर सौंदर्या! आपण तिच्या नावाने किती बोटं मोडली! 'काय बाई ही, माणूस आहे की कोण,' असं म्हणत म्हणत डाळीचं पीठ, हळद आणि साय तोंडाला फासलेल्या अवस्थेत एकेक भाग बघितला. आणि ही सावळी दीपा कोण? मुळात उजळ रंगाची रेश्मा शिंदे, मेकअपने सावळी केलेली! सावळ्या मुलींवरचा अन्याय दाखवायचा तर आधी सावळ्या नटीचीच संधी हुकवायची, असा धाडसी प्रयोग जगात दुसरीकडे झाला असेल काय? (झालाय. त्याच वर्षी हिंदीत, 'बाला' चित्रपटात. भूमी पेडणेकरला असंच काळवंडवलं होतं.)

एका ठिकाणी मात्र हसू जरा अडकतं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली, आणि कारण निघालं चेहऱ्याला लावायचं क्रीम. त्यात पारा होता. ते वाचून आपण हादरलो, मैत्रिणींना बातमी पाठवली, आणि खाली लिहिलं, 'म्हणून सांगते, घरचं उटणंच बरं.' म्हणजे उजळायचं तर आहेच!

परवाच्या हळदीकुंकवाला फोटोची वेळ आली. पाच-सहा फोन पुढे आले, पण एकमताने ठरलं, 'हिच्याच फोनवर काढा गं, हिच्यात छान येतात.' का छान येतात, हे विचारण्याइतकं अडाणी तिथे कुणी नव्हतं. सगळ्या एकजात दुधात न्हालेल्या आल्या, प्लास्टर फासल्यासारख्या पांढऱ्याफेक. फोटो लगेच स्टेटसला गेले. फक्त त्या भरात पैठण्यांचाही रंग उतरला, आणि यजमानीणबाईंची हिरवी होती की पोपटी, यावर ग्रुपवर अजून खडाजंगी चालू आहे.