झिरोचा बल्ब

आमच्या सोसायटीतल्या नानांनी बत्तीस वर्षं लोकांच्या घरी उजेड पोचवण्याची नोकरी केली आणि निवृत्त झाल्या दिवसापासून अंधाराची बाजू घेतली. सदाशिव पेठेत माणूस निवृत्त झाला की त्याला मधुमेहासारखा एखादा प्रश्न लागतो. कुणाला शुद्धलेखनाचा लागतो, कुणाला पार्किंगचा. नानांना लागला तो असा : मुलांच्या कार्टूनमध्ये अंधार किती असावा?

निमित्त झालं चिऊ-काऊचं. नातीच्या कुठल्याशा गुळगुळीत पुस्तकात कावळा 'सॉरी' म्हणतो, चिमणी दार उघडते आणि दोघं मिळून केक खातात. घर कशाचं, याचा उल्लेखच नाही. नाना पुस्तक घेऊन थेट माझ्याकडे.

"अरे, कावळ्याचं घर शेणाचं. शेणच काढलं तर गोष्टीत उरलं काय? चिमणीचं मेण! मग गोष्ट कशाला सांगता, मेणबत्त्या विका. आमच्या आजीच्या गोष्टीत कावळ्याचं बूड चुलीवर भाजायचं आणि आम्ही तोंडाने वरणभात गिळायचो. एक घास मागे राहायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर पाटी लागली : 'येथे गोष्टी मूळ स्वरूपात सांगितल्या जातात. राक्षस बदलून मिळणार नाही. दुपारी 1 ते 4 भीती बंद.'

नानांची मतं विजेच्या तारेतून यायची. रत्नाकर मतकरींविषयी त्यांना अपार आदर. "'अलबत्या गलबत्या'ची चेटकीण लिहिणारा आणि मोठ्यांच्या गूढकथा लिहिणारा माणूस एकच. पण दोन्हींचे मेन स्विच वेगळे! पोरांच्या लायनीत मोठ्यांचा करंट कधी सोडला नाही." छोटा भीम मात्र त्यांना मंजूर नव्हता. "लाडू खाल्ला की संपलंच. हरण्याची भीतीच नाही. हा नायक नाही, इन्व्हर्टर आहे. लाइट गेलेली कळतच नाही."

गणपतीत गच्चीवर पडदा लावून मुलांना काहीतरी दाखवायचं ठरलं. नानांच्या नऊ वर्षांच्या नातीने 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेचं नाव सुचवलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा.

"नाना, त्यात फार डार्क आहे हो. अशा गोष्टींना हल्ली वयाचं लेबल असतं."

लेबल म्हटल्यावर नानांना स्फुरण चढलं. मोबाइल-टीव्हीवरच्या ओटीटी मालिकांना 2021 पासून आणि थिएटरातल्या सिनेमांना 2024 पासून सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या आल्या, हे त्यांना तोंडपाठ. "सात अधिक म्हणजे काय? सहा वर्षं अकरा महिन्यांच्या पोराला महिनाभर जिन्यात उभं करायचं? आणि बाई, तुम्ही सकाळी फिरायला कुठे जाता?"

"वेताळ टेकडीवर."

"पोराच्या वाढदिवसाला देवदर्शन कुठे झालं?"

बाई घुटमळल्या. "खुन्या मुरलीधर."

"शाळेची सहल?"

"शनिवारवाडा."

"म्हणजे तुमचं पोर वेताळाच्या टेकडीवर पळतं, खुन्याला नमस्कार करतं आणि जिथे 30 ऑगस्ट 1773 ला अठरा वर्षांच्या पेशव्याला गारद्यांनी मारलं, तिथे बसून पोळीचा रोल खातं. राहतं कुठे, तर जे भाऊसाहेब 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर दिसेनासे झाले, त्यांच्या नावाच्या पेठेत. आणि आपण भितोय कशाला? कार्टूनला!"

ठराव मंजूर झाला. सदाशिव पेठेत मुद्दा पटला म्हणून ठराव मंजूर होत नाही. पुढचा मुद्दा ऐकावा लागू नये म्हणून होतो.

गंमत अशी, की नानांनी ती मालिका पाहिलेलीच नव्हती. गच्चीवर ते पहिल्या रांगेत, 'हे अमेरिकेतलं काय असणार' अशा चेहऱ्याने बसले. तिसरा भाग आला. शंभर वर्षं बर्फात गोठून पडलेला बारा वर्षांचा मुलगा आपल्या डोंगरावरच्या मठात परत येतो आणि तिथे त्याला सापडतो तो गुरूचा सांगाडा. त्याची माणसं कोणीच उरलेली नाहीत. गच्चीवर चिडीचूप. नानांनी चष्मा काढला, पुसला आणि उगाच पुन्हा पुसला.

"सांगाडा दाखवला," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "पण रक्ताचा थेंब नाही. वायरिंग चोख आहे."

त्यानंतर नाना घरी नातीबरोबर एकसष्टच्या एकसष्ट भाग बघायला बसले. नातीने आधीच पाहिलेले असल्यामुळे अधिकार तिच्याकडे. "आजोबा, आता डोळे मिटा. मी सांगेन तेव्हा उघडा." नाना निमूट मिटायचे. त्यातल्या राजपुत्राचा चेहरा त्याचा स्वतःचा बापच जाळतो, मुलाला हद्दपार करतो आणि म्हातारा काका सगळं सोडून पुतण्याबरोबर निघतो. हे कळलं त्या दिवशी नाना माझ्या दारात.

"अरे, यात काका वाचवतो! आपल्याकडे 'काका मला वाचवा' हा इतिहास आणि काकाने खरंच वाचवलं ही फॅण्टसी. याला म्हणतात कल्पनाशक्ती."

पण गच्चीवरच्या त्या रात्रीचा हिशोब बाकी होता. तिसऱ्या मजल्यावरचा पाच वर्षांचा पोरगा तीन रात्री झोपला नाही. बाई भांडायला आल्या नाहीत. जिन्यात भेटल्यावर त्यांनी नुसतं सांगितलं आणि त्या वर गेल्या. नाना मुद्द्याला मुद्दा देतात. मुद्दाच न आल्यामुळे त्यांची पंचाईत झाली.

संध्याकाळी ते स्टूल, टेस्टर आणि पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. टेस्टर धरायला मी. पोरगा आईच्या मागे. "चूक तुझी नाही रे बाळ," नाना स्टुलावरून म्हणाले, "लोड मी जास्त दिला." एवढी माफी त्यांच्या तोंडून आजवर फक्त त्यांच्या बायकोने ऐकली असेल, तीही बहुधा फ्यूज उडाल्यावर.

पिशवीतून त्यांनी झिरोचा बल्ब काढला. मोठा दिवा बंद केला. खोलीत कपाटाचा राक्षस दिसू लागला आणि त्याच्याशेजारी उभी असलेली आईही दिसू लागली. पोरगा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "त्या सांगाड्याचं पुढे काय होतं?"

"बघितलंत?" नाना खाली उतरत बाईंना म्हणाले. "अंधार हवा तो एवढाच. राक्षस कुठे आहे हे कळावं आणि आई कुठे आहे हेही कळावं. यातलं एकच दिसलं, तर गोष्ट वाया."

त्यावर बाईंनी चहा केला. निघताना नानांनी बल्बाकडे बोट दाखवून त्यांना शेवटचं बजावलं, आणि तेवढं मात्र कुठल्याही वादाविना खरं आहे : जुन्या फिलामेंटचा झिरोचा बल्ब नावालाच झिरो असतो. 12 ते 15 वॅट तो खातोच.