डेकवरची पथारी

मुंबईहून लक्षद्वीपला निघणाऱ्या क्रूझवर मधुचंद्राची जोडपी असतात, फराळाच्या डब्यांसकट आलेली गुजराती कुटुंबं असतात, आणि एक आप्पा असतात. मुलगा-सून पैसे भरतात, त्यातच आप्पा येतात. सत्तरी ओलांडलेली, बालपण गिरगावातल्या चाळीत, नोकरी परळला, आता लालबागच्या टॉवरात बाविसावा मजला. लहानपणी दर मे महिन्यात आगबोटीने कोकणात गेलेले. त्यामुळे बोट या विषयात आपल्याला शिकवण्यासारखं कप्तानापाशीही काही उरलेलं नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत असतं.

पहिला आक्षेप टॅक्सीतच निघतो. "बॅलार्ड पिअर? बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते." बॅलार्ड पिअर विलायतेला जाणाऱ्यांचं, कोकण्याने माझगावलाच जायचं, ही उतरंड आप्पांच्या डोक्यात अजून शाबूत आहे. टर्मिनलमध्ये थंडगार हवा, रांगा सरळ, कुणी कुणाला कोपर मारत नाही. आप्पा अस्वस्थ. "गर्दी नाही म्हणजे बोट चालत नसणार." नातू फोनवर वाचून सांगतो की ही 'एम्प्रेस' नावाची बोट १९९० साली बांधली, आधी परदेशी कंपनीकडे होती, मुंबईहून २०२१ पासून सुटायला लागली. आप्पा सुनेकडे वळून म्हणतात, "सेकंडहँड."

बोटीत पाऊल पडताच आप्पांचं पहिलं काम म्हणजे जागा धरणं. केबिन आहे, तिला खिडकी आहे, पलंगावर उशा आहेत. पण त्याचा इथे काही संबंध नाही. रोहिणी असो, चंद्रावती असो, आगबोटीत चढला की माणूस आधी डेकवर वळकटी उलगडायचा. पत्र्याच्या ट्रंका, परतीच्या वाटेवरचे फणस आणि कुणाच्या तरी पाटीतल्या कोंबड्या यांच्यामधली सहा फूट जागा ज्याने मिळवली, तो शहाणा. आप्पा वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाशेजारी, तीन आरामखुर्च्यांवर सोलापुरी चादर पसरतात आणि कोपऱ्यावर चप्पल ठेवतात. गणवेशातला एक मुलगा हसून ती घडी करून परत देतो. आप्पा पुन्हा पसरतात. तो पुन्हा देतो. तिसऱ्या खेपेला चादर थेट केबिनमध्ये पोचते, पलंगावर हंसाच्या आकारात.

मग भोंगा वाजतो आणि सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीला बोलावतात. खरं तर इथे कुणी लक्ष देत नाही. लोक सेल्फी काढतात. पण आप्पांच्या गटाचं तसं होत नाही. अधिकारी लाइफ जॅकेटबद्दल इंग्रजीत बोलत असतो, तेवढ्यात आप्पा शेजारच्या नवदांपत्याला रामदास बोट सांगायला घेतात. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रामदास रेवसला पोचलीच नाही; सहाशेवर माणसं गेली. आप्पांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, तरी लाट कुठल्या बाजूने आली ते ते हाताने दाखवतात. त्यानंतर त्या गटातल्या माणसांनी जॅकेटचे पट्टे ज्या काळजीने ओढून पाहिले, तसे उभ्या बोटीवर कुणी पाहिले नसतील. अधिकारी खूश.

संध्याकाळी बोट सुटते. बाकीचे उजव्या कठड्याला, सूर्यास्ताकडे. आप्पा डाव्या कठड्याला, कारण कोकण तिकडे. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड... जपमाळेसारखी बंदरं ओठांवर सरकतात. "विजयदुर्गाला किती वाजता?" ते काउंटरवरच्या मुलीला विचारतात. ती सांगते की बोट मध्ये कुठेही थांबत नाही. न थांबता कोकणासमोरून जाणारी बोट हा आप्पांना जवळजवळ अपमान वाटतो. अंधारात लुकलुकणारा एक दिवा ते नातवाला खांदेरीचा म्हणून दाखवतात. तो सरकू लागतो, मासेमारीचा ट्रॉलर निघतो. आप्पा चष्मा पुसतात.

"आमच्या वेळी समुद्र खरा होता. ही हलतसुद्धा नाही," ते जेवणाच्या टेबलावर जाहीर करतात.

"तुम्ही किती वेळा ओकायचात, तेही सांगा ना त्यांना," त्यांची बायको, म्हणजे काकू, म्हणतात. त्यांची दुसरी वाटी बासुंदी चालू असते. दिवसभरात काकूंनी जादूचे प्रयोग पाहिलेत, गरम पाण्यात पाय सोडून बसल्यात, आणि लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेल्या पुड्या चार अनोळखी बायकांत वाटून टाकल्यात.

आप्पांचा दिवस वाया गेल्यात जमा असतो, तेवढ्यात पुढच्या कार्यक्रमाची माहिती देणारा तरुण माइक हातात घेतो. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, भोवतालचं पाणी उथळ, एवढी मोठी बोट काठाला लागू शकत नाही. अगत्तीला ती समुद्रातच नांगर टाकून उभी राहील, आणि प्रवाशांना लहान बोटींत उतरवून बेटावर नेतील.

आप्पा उभे राहतात. "पडाव!"

आगबोटीतून लहान होडीत, म्हणजे पडावात, उतरणं. सकाळपासून त्यांना या बोटीत पटलेली ही पहिली गोष्ट. पाच मिनिटांत लाउंजच्या गालिच्यावर वर्ग भरतो. एक खुर्ची म्हणजे आगबोट, सोफा म्हणजे पडाव. लाट वर आली की पाय टाकायचा, ती खाली जायला लागली की थांबायचं. पोर आधी खलाशाच्या हातात द्यायचं, मागे बघायचं नाही. नवदांपत्य पुढच्या रांगेत. गुजराती आजोबांनी दोनदा उडी मारून पाहिली.

"आणि बायकांनी पदर घट्ट खोचायचा," आप्पा सांगतात.

"आम्ही शॉर्ट्समध्येच येणार, अंकल," ती नवी नवरी म्हणते.

आप्पा क्षणभर विचार करतात. "मग तुम्ही सर्वांत पुढे राहा. तुमच्यामुळे रांग अडणार नाही."