वॅट किती?

आमच्याकडे नवी गाडी बघायला आलेला माणूस ॲव्हरेज विचारण्याआधी डिकी उघडायला लावतो आणि म्हणतो, "वॅट किती?" मंचर ते ओतूर या पट्ट्यात या प्रश्नाचं उत्तर चार आकडी द्यायचं असतं. तीन आकडी दिलं तर समोरचा हळहळतो आणि "बाकी गाडी झ्याक आहे हां," असं म्हणून खांद्यावर हात ठेवतो. मी पेशाने मास्तर, वय पन्नाशीपार, आवाज वर्गाला पुरून व्हरांड्यात उरेल एवढा. पण त्या खांद्यावरच्या हाताला मी घाबरतो. म्हणून माझ्या डिकीतून भाजीच्या पिशव्यांना कायमचं हाकलून तिथे बारा इंची वूफर बसवला आहे. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावात गाड्या तुंबल्या की काच चार बोटं खाली करायची, बेस सोडायचा आणि आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्याने समोर बघत बसायचं. हे सुख मला आदर्श शिक्षक पुरस्कारानेही दिलं नसतं. (तो मिळालेला नाही, पण तो विषय वेगळा.)

खोक्यावर १५०० वॅट छापलेलं असतं. ते पोटखराब्यासकट क्षेत्र. त्यातलं लागवडीखालचं किती, हे आत घडी घालून ठेवलेल्या कागदावर बारीक अक्षरात, आरएमएस या नावाने लिहिलेलं असतं: ३००. तेवढेच वॅट वूफर तासन्‌तास पचवू शकतो. वरचे १२०० पापणी लवेपर्यंतचे, किंवा पाहुण्यांना सांगण्यापुरते. मीही १५००च सांगतो. खरं बोलायला वर्ग आहे.

आमचा फिटर मंचरचा. वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढा, पण डिकीसमोर उभा राहिला की मीच विद्यार्थी. "सर, आधी स्पीकर बघायचा, त्याचे ओहम बघायचे, मग ॲम्प घ्यायचा. लोक ॲम्प घेऊन येतात आणि मग त्याला स्थळ शोधतात." माझा वूफर डबल कॉइलचा, प्रत्येक कॉइल ४ ओहम. दोन्ही सिरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम होतात आणि ॲम्प हात आखडता घेतो. पॅरललमध्ये जोडल्या तर २ ओहम, आणि माझा मोनोब्लॉक ॲम्प नेमके तेवढ्यावरच ३०० वॅट देतो. अजून एक असाच वूफर पॅरललमध्ये लावला तर १ ओहम. मग प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो आणि गाडीत एकदम शाळा सुटल्यासारखं शांत होतं.

मोठ्या ॲम्पने स्पीकर जळतात आणि छोट्याने जळत नाहीत, असं गावभर समजतात. फिटर म्हणतो, त्याच्याकडे जळक्या वासाचे येतात ते बहुतेक छोट्या ॲम्पवाल्यांचे. त्याचं कारण असं की ॲम्पची ताकद संपली तरी आपण बटण पिळतच राहतो. मग लहरींची डोकी वर-खाली सपाट छाटली जातात, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या लहरीत सरासरी ताकद वाढते, कॉइलला उसंत मिळत नाही, ती तापते आणि जाते. आणि गेन नावाचं जे बटण आहे ते आवाज वाढवायचं नाहीच. स्टिरिओतून येणारा सिग्नल २ व्होल्टचा की ४ व्होल्टचा, त्याच्याशी ॲम्पचं जमवून द्यायचं, एवढंच त्याचं काम. वॅटला ओहमने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं: ३०० गुणिले २ म्हणजे ६००, त्याचं मूळ साधारण साडेचोवीस. वूफर काढून ठेवायचा, ५० हर्ट्झचा सूर लावायचा, ॲम्पच्या तोंडाशी मल्टीमीटर धरायचा आणि साडेचोवीस व्होल्ट दिसले की गेनवरचा हात काढायचा. मल्टीमीटर थोरल्या दादाचा, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतला.

हे ज्ञान झाल्यापासून मी लोकांच्या जिवाला घोर लावला आहे. एका हळदीत डीजेवाल्या पोराला बाजूला घेऊन त्याचं क्लिपिंग समजावून सांगू लागलो. त्याने वर्गमुळापर्यंत आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, नाचा."

भाच्याने तर मुद्दाम ६०० आरएमएसचा सेट बसवला. त्याला मी फळ्यावर लिहून दिलं, की वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतात. म्हणजे तुझ्या-माझ्यात फरक जेमतेम कळेल एवढाच. तो शांतपणे म्हणाला, "म्हंजे मामा, जास्तच ना?"

अशा वेळी मी विषय खोडदकडे वळवतो. पाहुणे हे ओळखून आहेत, पण जेवणाआधी पळता येत नाही. नारायणगावच्या पूर्वेला, खोडदच्या माळावर आणि तिथून तीन दिशांना गेलेल्या फाट्यांवर, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्यांचा पसारा २५ किलोमीटरचा. हीच ती जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण. जागा इथली निवडली त्यात एक कारण असं, की शहरांचा रेडिओ-गोंगाट इथे कमी होता. म्हणजे शांत मुलूख म्हणून आमची निवड झाली! आमच्या वराती कुणी ऐकल्या नव्हत्या असं मी म्हणणार होतो, पण रेडिओ लहरी आणि बेस यांचा संबंध नसतो, म्हणून माझ्यातला मास्तर मला ते म्हणू देत नाही.

तर, २०२३च्या जानेवारीत बातमी आली, की या दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनमधून निघालेली लहर पकडली. निघाली तेव्हा २१ सेंटीमीटरची होती, विश्व पसरत गेलं तशी ताणली जाऊन इथे पोचली ती ४८ सेंटीमीटरची. एवढी क्षीण लहर एरवी हाती लागली नसती. पण वाटेत आणखी एक आकाशगंगा आडवी आली आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने सिग्नल सुमारे ३० पट करून पुढे पाठवला. फ्यूज नाही, वायर नाही, गेनचं बटण नाही. माझ्या मते हा जगातला सगळ्यात सभ्य ॲम्प्लिफायर. खोडदच्या अँटेनांवरही ॲम्प्लिफायर बसवलेले आहेतच, तिथेही केबल आणि ॲम्प यांचे ओहम जुळवावे लागतातच. फरक इतकाच, की त्यांची सगळी मेहनत ऐकण्यासाठी आहे. एकाच तालुक्यात हे दोन्ही प्रकार असावेत आणि मी डिकीवाल्या पक्षात असावं! २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मुलांना घेऊन तिथलं प्रदर्शन बघायला जातो तेव्हा गाडी मात्र लांब लावतो. काही कारण नाही, संकोच.

मल्टीमीटर परत द्यायला गेलो तेव्हा दादा रात्रपाळीची तयारी करत होता. शेतकऱ्याला रात्रपाळी असते, कारण थ्री फेज रात्रीची असली की मोटर रात्रीच चालू करावी लागते. घर आणि विहीर यांच्यामध्ये ऊस, आणि उसात बिबट्या. मादी पिल्लं उसातच घालते. तोड आली की ती सापडतात, मग वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली माणसं येऊन पिल्लांची आईशी गाठ घालून देतात. बिबट्याचंही काही चुकत नाही. पण आमच्या भागात लेकरं गेली आहेत, बायामाणसं गेली आहेत, आणि त्यावर विनोद करण्याची माझी छाती नाही. वनखातं सांगतं: रात्री एकटं जाऊ नका, काठी-बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी लावून आवाज करत चला. दादा भजन लावून मोबाईल वरच्या खिशात ठेवतो. त्या स्पीकरला एक वॅटसुद्धा धड नसेल, बेस तर नाहीच. तेवढ्या आवाजाच्या भरवशावर साठीचा माणूस उसातून विहिरीवर जाऊन येतो, आणि वहिनी ते भजन ऐकू येतंय तोवर दारात उभी असते.

मी म्हटलं, "दादा, गाडी बांधावर आणतो. बारा इंची वूफर आहे, बिबट्या तालुका सोडून जाईल."

"बिबट्या जाईल, पण गोठ्यातल्या गाई बी दावं तोडून जातील. आठशे रुपयांचा मीटर नेऊन काय काय मोजलंस ते मोजलंस, आता दिवसा लाईट कधी येते ते मोज."

ते मोजणं माझ्या हातातलं नाही. तुमच्यापैकी कुणाची ओळख असेल, तर ज्यांच्या हातात आहे त्यांना एवढा निरोप द्या: जुन्नर-आंबेगावच्या शेतीला थ्री फेज दिवसा द्या. वॅट कितीही द्या, पण उजेडात द्या.