समासाचा विग्रह

समास दिसला की वर्गातली मुलं बाकाखाली लपायची आणि मी विग्रह करायला हात वर करायचो. नोकरीनिमित्त उप्सालाला आलो तेव्हा वाटलं, ही भाषा माझ्यासाठीच घडवली आहे. स्वीडिशमध्ये फ्रिज म्हणजे ‘श्यूलस्कोप’: श्यूल थंडावा, स्कोप कपाट. इमारतीतली कपडे धुण्याची सामायिक खोली म्हणजे ‘त्वेत्स्तूगा’, अर्थात धुण्याचं खोपटं. हे ज्ञान मी न विचारणाऱ्यांनाही वाटू लागलो.

मग एका रविवारी न्हाणीघर तुंबलं. तळघरात रहिवाशांसाठी एक यंत्र ठेवलेलं होतं, वर चिठ्ठी: ‘दाम्मसूगारे’. लगेच विग्रहाला बसलो. ‘सूगा’ म्हणजे शोषणं, ‘आरे’ हा कर्त्याचा प्रत्यय. थोडक्यात आपल्या ‘कुंभकार’च्या जातीचा उपपद तत्पुरुष. राहता राहिला ‘दाम्म’. शब्दकोशात पहिलाच अर्थ निघाला: तळं. तळं शोषतो तो तळेशोषक, म्हणजे पंपच की! शिवाय त्याला नळीही होती.

यंत्राने पाण्याचा घोट घेतला, ठसका दिला आणि घरातली वीज घेऊन कायमचं निजलं.

शेजारच्या आजी मेणबत्ती घेऊन आल्या. यंत्राकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “अरे, हा धूळ ओढायचा!”

दाम्म दोन निघाले. तळ्याचा दाम्म इंग्रजी ‘डॅम’चा भाऊबंद, धुळीचा दाम्म जर्मन ‘डाम्फ’चा, म्हणजे वाफेचा, नातलग. दोघांचं लिंगही वेगळं: धूळ नपुंसकलिंगी, तळं नाही. पण समासात शिरताना पहिलं पद आपलं लिंग दाराबाहेर ठेवतं, आणि माझ्यासारखा पंडित फसतो. जर्मन लोक याच यंत्राला ‘श्टाउबसाउगर’ म्हणतात. तिथे श्टाउब म्हणजे धूळच, तळ्याची शंका घ्यायला जागाच नाही.

“जाऊ दे,” आजी म्हणाल्या, “संध्याकाळी ये, दाम्मसूगारे खाऊ.” मी घाबरून होकार दिला. ताटलीत हिरव्या मार्झिपानची गुंडाळी आली, दोन्ही टोकं चॉकलेटात बुडवलेली, आत केकचा चुरा, लोणी, कोको आणि पुन्श नावाच्या मद्याचा स्वाद. जुन्या नळकांडी यंत्रासारखी दिसते म्हणून हे टोपणनाव, असं म्हणतात. बेकरीतला उरलेला चुरा तिच्या पोटात जातो म्हणून, असंही म्हणतात. इथे माझं व्याकरण गप्प बसलं आणि मी दुसरी उचलली.

वाचकहो, परदेशात न्हाणीघर तुंबलं तर सरळ बादली घ्या. स्वीडिशमध्ये तिला ‘हिंक’ म्हणतात, आणि तिचा विग्रह होत नाही.