रेल्वेत लागण्याचा राजमार्ग

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरतात. त्यात डॉक्टर, इंजिनिअर, डेटा सायन्स असं सगळं मोठ्या आवाजात सांगून झाल्यावर कोणीतरी काका पालकांना कोपऱ्यात घेऊन चांगलं स्थळ सुचवावं तसं पुटपुटतात, "रेल्वेचं बघा." पक्की नोकरी, क्वार्टर, पास, रेल्वेचा दवाखाना. हे सदर तोच सल्ला उघडपणे देत आहे.

पहिली अट म्हणजे सुरुवात लवकर करावी. 2019 च्या सुरुवातीला एनटीपीसीच्या, म्हणजे रेल्वेतल्या बिगर-तांत्रिक पदांच्या सुमारे 35 हजार जागांची जाहिरात निघाली आणि सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले. पहिली परीक्षा सुरू झाली 28 डिसेंबर 2020 ला. 2019 मध्येच जाहीर झालेल्या ग्रुप डीच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या 1,03,769 जागांची परीक्षा तर ऑगस्ट 2022 मध्ये. करोना मधे आला हे खरं, पण तो येण्याआधीचं वर्षही असंच गेलं होतं. एवढ्या काळात उमेदवाराला मिशा फुटतात, त्याचं लग्न होतं, आणि फॉर्मवरचा फोटो पोराचा म्हणून दाखवायचा की बापाचा लहानपणीचा म्हणून, असा प्रश्न पडतो.

अभ्यास कसून करावा, पण पैकीच्या पैकी गुणांवर समाधान मानू नये. 2018 च्या ग्रुप डी परीक्षेचे गुण जाहीर झाले तेव्हा काहींना शंभरपैकी शंभराहून जास्त मिळाले होते. वेगवेगळ्या पाळ्यांच्या प्रश्नपत्रिका कमीअधिक अवघड असतात, म्हणून नॉर्मलायझेशन केलं, त्यात असं होऊ शकतं, असा खुलासा रेल्वेने केला. आमच्या गणिताच्या मास्तरांनी तो वाचला असता तर अर्धा वर्ग पास झाला असता.

मग शारीरिक चाचणी. पुरुष उमेदवाराने 35 किलोचं ओझं खाली न ठेवता दोन मिनिटांत 100 मीटर न्यायचं आणि एक किलोमीटर सव्वाचार मिनिटांत धावायचं. मे महिन्यात बायकामुलांना घेऊन कोकणात निघालेला कोणताही गृहस्थ ही चाचणी दादरच्या पुलावर, उलट्या गर्दीतून, ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा ऐकत रोज पास होतो. त्याला कोणी नेमणूकपत्र देत नाही.

हे ओझं उचलणाऱ्यांत बी.ई. असतात, एम.ए. असतात. अट दहावी किंवा आयटीआय, मूळ पगार 18 हजार. राज्यशास्त्राचा पदवीधर ट्रॅकमन होऊन भर उन्हात रूळ तपासत हिंडतो. गाव मात्र "रेल्वेत लागला" म्हणून पेढे वाटतं, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही. मुंबईत रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांनी निराळी वाट काढली होती. कारखान्यात काम शिकवून झाल्यावर कायमच्या नोकरीचं विचारलं, तर भरतीत त्यांच्यासाठी राखलेल्या 20 टक्के जागांकडे बोट दाखवण्यात आलं. 20 मार्च 2018 च्या सकाळी ते माटुंगा-दादरदरम्यान थेट रुळांवर जाऊन बसले. लोकल खोळंबल्या. डब्यांत अडकलेले नोकरदार त्यांना शिव्या घालत होते, कारण उशीर झाला तर त्यांचीही नोकरी जाणार होती.

पण खरी मेख पुढेच आहे. एनटीपीसीच्या एका जागेमागे साधारण साडेतीनशे अर्ज. एक लागतो. उरलेले रिकामे बसतात असं समजू नका. अभ्यासिकेचा मालक, मेसवाल्या मावशी, झेरॉक्सवाला, टेस्ट सिरीजवाला, चालू घडामोडींच्या पुस्तकांचा प्रकाशक, एवढ्यांचे संसार ते चालवतात. वयोमर्यादा उलटली की त्यांच्यातलाच एखादा क्लास काढतो. तीनदा हुकलेला माणूस फलकावर "रेल्वे भरतीचा प्रदीर्घ अनुभव" असं लिहितो, आणि त्यात एक अक्षर खोटं नसतं.

तेव्हा शहाण्या पालकांनी मुलाला फॉर्म भरायला बसवू नये, फॉर्म भरून देण्याचं दुकान काढून द्यावं. वयाची अट नाही, वैद्यकीय तपासणी नाही, ओझं गिऱ्हाईकच उचलतं. जागा स्टेशनजवळ घेऊ नये, तिथे भाडं फार, कॉलेजसमोर घ्यावी. दर फॉर्ममागे शंभर रुपये सांगावेत. कोणी घासाघीस केलीच तर दाखवून द्यावं की खुल्या गटाकडून रेल्वे पाचशे घेते, परीक्षेला बसल्यावर चारशे परत करते, आणि तीही शंभरच ठेवून घेते.